पाण्याला कातडी नसते



महाड-पोलादपूरच्या श्रोत्यांसमोर एका इंग्रजी पुस्तकाची समीक्षा करायची, आणि तीही साबणाच्या फुग्यांवरच्या, हे ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या बाई निवृत्तीनंतर भलतीकडेच वळल्या. तसं नाही. तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर एक काम करतो. एखादं स्पष्टीकरण ऐकताक्षणी पटलं, तर ते का पटलं याची चौकशी करतो. आज ज्या स्पष्टीकरणाची चौकशी करायची आहे, ते तुमच्यापैकी प्रत्येकाने शाळेत ऐकलेलं आहे. सुई पाण्यावर का तरंगते? कारण पाण्याच्या वर ताणलेल्या कातडीसारखा पापुद्रा असतो. साबण टाकला की सुई का बुडते? कारण साबणाने ती कातडी कमकुवत होते. गुण मिळाले, विषय संपला.

या उत्तराचं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात प्रभावी रूप ज्या पुस्तकात आहे, त्याचं नाव 'सोप बबल्स'. लेखक सी. व्ही. बॉईज. मोठे प्रयोगशास्त्रज्ञ. क्वार्ट्झच्या अतिशय बारीक तंतूंवर वजनं टांगून गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजणारे ते हेच. 1889 च्या डिसेंबरअखेरीला आणि 1890 च्या जानेवारीत त्यांनी लंडनमध्ये मुलांसमोर तीन व्याख्यानं दिली, आणि त्याच वर्षी त्यांचं पुस्तक झालं. तेव्हापासून जगभर ते छापलं जातंय.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. बॉईज मुलांना लहान समजत नाहीत. ते टेबलावर वस्तू मांडतात आणि आधी बघायला लावतात. मेणात बुडवून काढलेली चाळण घेतात, तिची भोकं उघडी आहेत हे दाखवतात, आणि मग तिच्यात पाणी ओततात. पाणी गळत नाही. तारेच्या कड्यावर साबणाचा पडदा धरतात, त्यात दोऱ्याचा सैल फास टाकतात, फासाच्या आतला पडदा टोचून फोडतात, आणि दोरा एका क्षणात नेमका गोल होतो. ताण आहे, आणि तो सगळ्या दिशांनी सारखा आहे, हे यापेक्षा स्वच्छ रीतीने दाखवता येणार नाही. आपल्याकडे विज्ञान शिकवताना व्याख्या आधी येते आणि वस्तू शेवटी, कधी कधी येतच नाही. त्या मानाने हे पुस्तक आजही पुढे आहे.

आता आक्षेप. बॉईज म्हणतात ते काळजीपूर्वक वाचलं तर असं दिसतं की पाणी 'जणू' लवचीक कातडी असल्यासारखं वागतं. त्या 'जणू'ला फार मोल आहे. हान्स फायहिंगर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1911 मध्ये या 'जणू'वरच जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की विचार पुढे नेण्यासाठी आपण सोयीच्या कल्पना वापरतो. त्यात गैर काही नाही. फक्त काम झालं की त्या उतरवून ठेवायच्या असतात. उपमेच्या बाबतीत होतं ते उलटं. पुस्तकातून वर्गात येताना 'जणू' गळतो आणि कातडी तेवढी उरते. पण सगळा दोष वर्गावर ढकलून चालणार नाही. बॉईज स्वतः रबराच्या पातळ चादरीत पाणी ओतून तिला थेंबासारखा आकार देऊन दाखवतात. डोळ्यांनी रबर पाहिलेलं मूल 'जणू' कशाला लक्षात ठेवेल?

मग या कातडीत चुकतं काय? तीन गोष्टी चुकतात.

पहिली गोष्ट लवचीकपणाची. रबर ताणलं की त्याचा ताण वाढतो. दुप्पट ताणा, जास्त ओढ लागते. पाण्याचं तसं नाही. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. पृष्ठभाग वाढवून दुप्पट करा, चौपट करा, ताण तितकाच राहतो. कारण असं आहे. पाण्याच्या पोटातला रेणू चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेला असतो. काठावरच्या रेणूला शेजारी कमी. म्हणून आतला रेणू काठावर आणायचा तर ऊर्जा खर्च करावी लागते. एक चौरस मीटर नवा पृष्ठभाग करायला सुमारे 0.072 जूल. पृष्ठभाग 'ताणला' म्हणजे काठावरचे रेणू एकमेकांपासून दूर गेले असं होत नाही. आतून आणखी रेणू वर आले. वेगळ्या पदार्थाचा पापुद्रा तिथे नसतोच. जे आत आहे तेच काठावर आहे, फक्त त्याचे शेजारी कमी झालेत.

आणि इथे एक गंमत आहे. रबराची उपमा शुद्ध पाण्याला लागू पडत नाही, पण साबणाच्या पडद्याला बऱ्यापैकी लागू पडते. का, ते समजायला साबणाचा रेणू बघावा लागेल. त्याला एक डोकं आणि एक लांब शेपटी. डोक्यावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं. शेपटी तेलासारखी, कार्बनच्या साखळीची. असा रेणू पाण्यात सोडला की तो काठ गाठतो. डोकं पाण्यात आणि शेपटी हवेकडे. काठावर आता पाण्याऐवजी हे रेणू दाटीने उभे, म्हणून पृष्ठताण 72 वरून 25 ते 30 पर्यंत उतरतो. आपल्याकडच्या रिठ्यातली, शिकेकाईतली सॅपोनिनं हेच करतात. आता हा साबणाचा पडदा एका जागी ताणला, तर तिथले साबणाचे रेणू विरळ होतात, तिथला ताण वाढतो आणि तो भाग आजूबाजूचं पाणी स्वतःकडे खेचून पुन्हा जाड होतो. ही झाली खरी लवचीकता. फुगा टिकतो तो तिच्यामुळे.

म्हणून 'साबणाने पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे फेस होतो' हे सर्रास दिलं जाणारं उत्तर अपुरं आहे. तपासायचं असेल तर शुद्ध अल्कोहोल घ्या. त्याचा पृष्ठताण 22 च्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्याहूनही कमी. बाटली हलवा. फेस टिकत नाही. ताण किती आहे यापेक्षा तो जागोजागी बदलू शकतो का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कातडीची उपमा हा प्रश्न सुचूच देत नाही. ती फक्त 'मजबूत' आणि 'कमकुवत' एवढंच बोलू शकते.

याच सुमाराला जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पॉकेल्स नावाची बाई स्वयंपाकघरात काम करत होती. जन्म 1862. विद्यापीठाचं दार त्या काळी बायकांना बंद. तिने पत्र्याच्या पन्हाळीसारख्या भांड्यात पाणी भरलं, त्यावर आडवी पट्टी ठेवली, आणि पट्टी सरकवून पृष्ठभाग लहान-मोठा करत ताण मोजला. पाण्यावर अगदी थोडी स्निग्धता असेल तर एका मर्यादेपर्यंत ताण बदलत नाही, आणि त्या मर्यादेपलीकडे पृष्ठभाग आकसला की ताण झपाट्याने घसरतो, हे तिने पाहिलं. 1891 च्या जानेवारीत तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि रॅले यांनी ते त्याच वर्षी 'नेचर'मध्ये छापून आणलं. बॉईज यांचं पुस्तक आणि हे पत्र यांत जेमतेम वर्षाचं अंतर. पण पुस्तक घराघरांत गेलं आणि पत्र प्रयोगशाळांत राहिलं. उपमा हातात असली की लोकप्रियता मिळते. पॉकेल्सबाईंकडे उपमा नव्हती, मोजमाप होतं.

दुसरी गोष्ट. कातडी एकाची असते. माझी कातडी माझी. पृष्ठ मात्र दोघांमधलं असतं. पाणी आणि हवा, पाणी आणि तेल, पाणी आणि पान. आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो, गीतेच्या पाचव्या अध्यायात कमळाच्या पानाची उपमा आहे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ती अनासक्तीसाठी फार उपयोगी पडते. पण तोच थेंब स्वच्छ काचेवर टाका, पसरतो. थेंब तोच, त्याची तथाकथित कातडी तीच, मग वागणं वेगळं का? कारण थेंबाच्या कडेला तीन सीमा एकत्र येतात, पाणी-हवा, पाणी-पान आणि पान-हवा. थेंब गोळा होईल की पसरेल हे तिघांच्या हिशेबावर ठरतं. टॉमस यंग यांनी हे 1805 मध्येच मांडलं होतं. आपल्या शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचता माहीत आहे. भाताच्या पानावरूनही थेंब ओघळून जातो, म्हणून फवारणीच्या पंपात तो औषधाबरोबर 'स्टिकर' घालतो. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, त्यातला पसरवणारा घटक म्हणजे साबणाचाच भाऊबंद.

याच ओघात आणखी एका शब्दाबद्दल बोलते. साबणाच्या शेपटीला पुस्तकात 'जलद्वेषी' म्हणतात. द्वेष कसला? तेलाच्या रेणूला पाण्याविषयी थोडी ओढच असते. पण पाण्याच्या रेणूंची आपसातली पकड त्याहून पुष्कळ घट्ट, आणि मध्ये तेल आलं की ती पकड नव्याने जुळवून घ्यावी लागते. म्हणून पाणी तेलाला बाजूला राहू देतं. यावरून कुणी समाजाचे धडे काढू नयेत अशी माझी विनंती आहे. साबण तेल-पाण्याला जोडतो, तसं आपण माणसांना जोडू या, असं भाषण मी अनेकदा ऐकलंय. त्या वक्त्यांनी पुढचं बघितलेलं नसतं. साबण तेलाला जोडतो तो मोरीतून बाहेर घालवण्यासाठी.

तिसरा आक्षेप माझ्या मते सगळ्यात गंभीर. कातडी म्हटलं की ती बाहेर असते, वर असते. त्यामुळे पृष्ठताण म्हणजे भांड्यातल्या पाण्याच्या वरच्या अंगाला घडणारी गंमत, अशी समजूत पक्की होते. सुई, डबक्यावर चालणारा किडा, साबणाचा फुगा. म्हणजे मुलांचा खेळ. खरं तर पृष्ठ आतही असतं, आणि तिथे ते जीवन-मरणाचं असतं.

आपलं फुप्फुस घ्या. त्यात कोट्यवधी वायुकोश, प्रत्येकाच्या आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर. 1929 मध्ये कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी दाखवलं की हवेने फुगवण्यापेक्षा द्रवाने भरलेलं फुप्फुस कमी दाबाने फुगतं. द्रव भरला की आत पाणी-हवा अशी सीमाच उरत नाही, म्हणून आकसू पाहणारा ताणही उरत नाही. पण आपल्याला हवा घ्यायची असते. मग निसर्गाने तिथेही साबणासारखा पदार्थ ठेवलाय. तो वायुकोशांतला ताण उतरवतो. 1957 मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण मोजून ते दाखवलं आणि 1959 मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी सांगितलं की दिवस भरण्याआधी जन्मलेली काही बाळं श्वासासाठी झगडतात, कारण त्यांच्यात हा पदार्थ पुरेसा नसतो. 1980 मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन अशी बाळं सावरता येतात हे दाखवलं. आज मोठ्या रुग्णालयांत तो उपचार आहे. 'कातडी कमकुवत झाली' एवढ्या एका वाक्यात यातलं काहीही बसत नाही.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात. माती कोरडी असेल तर उभी राहत नाही. ओलसर असेल तर तट-बुरूज सगळं उभं राहतं. पाणी जास्त झालं की किल्ला बसतो. हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, पण याचं पृष्ठताणाशी नातं आहे हे त्याला कुणी सांगत नाही. ओलसर मातीत कणाकणांच्या मध्ये पाण्याचे इवलेसे पूल असतात आणि उरलेल्या पोकळीत हवा असते. त्या पुलांचे काठ आत वळलेले असतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पोकळी पाण्याने पूर्ण भरली की हवा जाते, हवेबरोबर सीमा जाते, आणि ती ओढही जाते. फुप्फुसात द्रव भरल्यावर झालं तेच. तिथे ओढ गेल्याने फुगवणं सोपं झालं, इथे ओढ गेल्याने उतार सैल पडतो.

22 जुलै 2021 ला आपल्या तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरातही त्याच पावसात दरडी आल्या. त्याआधी 2005 च्या जुलैत जुई, दासगाव. अशा घटनांची कारणं अनेक असतात. उताराचा कोन, झिजलेला खडक, मातीच्या थराची जाडी, पाणी निघून जायच्या वाटा, जमिनीचा वापर. एकाच कारणावर बोट ठेवणं बेजबाबदारपणाचं होईल. पण सलग पावसात मातीतली ही ओढ संपणं आणि तिच्या जागी पाण्याचा दाब वाढणं, हे दरडींचं मृदाशास्त्रात नीट ओळखलेलं कारण आहे. 'माती भिजून जड झाली' एवढंच आपण म्हणतो. ते खरंय, पण अर्धं. जी गोष्ट माती धरून ठेवत होती ती नाहीशी झाली, हे उरलेलं अर्धं. आणि हे अर्धं डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे काल उभा असलेला, पन्नास पावसाळे पाहिलेला उतार आजही उभा राहील असा विश्वास वाटतो. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या मुलाला पृष्ठताण शिकवताना सुई दाखवायची आणि डोंगर दाखवायचा नाही, याला मी अध्यापनातली चूक म्हणते. बॉईज लंडनमध्ये बोलत होते, त्यांच्यासमोर डोंगर नव्हता. आपल्यासमोर आहे.

शेवटचा मुद्दा 'शुद्ध' या शब्दाचा. साबण मळ नष्ट करतो अशी आपली भाषा आहे, जाहिरातींनी ती आणखी पक्की केली. प्रत्यक्षात साबणाच्या शेपट्या तेलकट मळात शिरतात, डोकी पाण्याकडे राहतात, आणि मळाचा कण मायसेल नावाच्या गोळ्यात गुंडाळला जाऊन पाण्याबरोबर निघून जातो. काहीही नष्ट होत नाही. कापडावरचं पाण्यात गेलं. म्हणून स्वच्छतेच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा, की कुठून निघालं आणि कुठे गेलं? महाबळेश्वराहून निघून पोलादपूर, महाड करत खाडीला जाणाऱ्या सावित्रीच्या काठी राहणाऱ्यांनी तर तो विचारलाच पाहिजे. तो घरच्या मोरीलाही विचारायचा आणि औद्योगिक वसाहतीलाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उठले, कारण त्या वेळच्या डिटर्जंटच्या रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला, 1965 पर्यंत अमेरिकी उद्योगही सरळ शेपटीच्या रेणूंकडे वळला आणि फेस ओसरला. शेपटी सरळ की फांद्यांची, हा प्रश्न कापड धुणाऱ्याला पडत नाही. नदीला पडतो.

आता याच गावातलं तळं आठवा. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. 1923 च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलेलं होतं, कागदावर. त्यानंतर तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. घागरींची संख्या 108 सांगतात. आपण मघाचा प्रश्न विचारून बघू. कुठून काय निघालं, कुठे गेलं? माणसाच्या ओंजळीने त्या पाण्यात काहीही मिसळलं नव्हतं. त्याच तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, त्याने तळं बाटत नव्हतं. पाण्यात खरोखर काही मिसळलं असेल तर ते शुद्धीच्या दिवशी. म्हणजे इथे 'शुद्ध' हा शब्द पाण्याबद्दल बोलतच नव्हता. तो माणसांच्या पायऱ्यांबद्दल बोलत होता, आणि पाण्याचं नाव पुढे करत होता. खटला दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

हा प्रसंग मी उपमा म्हणून सांगितला नाही, ते नीट लक्षात घ्या. साबणाच्या रसायनशास्त्रातून समता सिद्ध होत नाही, तिला त्याची गरजही नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की 'शुद्ध' या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्यात. एकीची तपासणी करता येते, दुसरीची करू दिली जात नाही. पहिलीची विश्वासार्हता दुसरीला उसनी मिळते. 'पाण्याची कातडी' आणि 'तळ्याची शुद्धी' यांत अपराधाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक निरुपद्रवी चित्र आहे, दुसऱ्याने माणसांना पाण्यापासून दूर ठेवलं. पण दोन्ही ठिकाणी सवयीचा शब्द चौकशीला आडवा आला.

तर मग बॉईज यांचं पुस्तक वाचावं की नाही? जरूर वाचावं. इथल्या शिक्षकांनी तर वाचावंच, आणि प्रयोग करून दाखवावेत. फक्त जिथे जिथे कातडी येईल तिथे पेन्सिलीने 'जणू' लिहावं. आणि त्यांच्या प्रयोगांच्या शेजारी आपले तीन ठेवावेत. अळवाचं पान, त्यावर साध्या पाण्याचा थेंब आणि साबणाच्या पाण्याचा थेंब. दोन बाटल्या, एकीत अल्कोहोल आणि एकीत रिठ्याचं पाणी, दोन्ही हलवून बघायच्या. आणि मातीचे तीन गोळे, कोरडा, ओलसर आणि चिंब, तिरक्या पाटावर ठेवून. तिसरा प्रयोग करताना खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे मुलांना समोरचा डोंगर दिसेल.

वेळ झालीय, मी इथे थांबते. कुणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा.